पालथ्या बादलीवर

आमच्या इमारतीत प्रत्येक घराला पाण्याचा वेगळा मीटर बसवावा, हे सभेत पहिल्यांदा उभं राहून बोलले ती मीच. तेव्हा सातवा महिना चालू होता. उठताना खुर्चीच्या पाठीला धरावं लागलं, पण बोलले.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ठिकठिकाणच्या नळांचं, विहिरींचं, बोअरचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं. ते किती खोलीवरून काढलं, तेही बाटलीवर लिहिलेलं असतं. मी नोकरीला लागले त्या वर्षी साठ-सत्तर फूट असं लिहून यायचं. आता तीनशेच्या आतला आकडा दिसला तर आम्ही ती बाटली एकमेकींना नेऊन दाखवतो. त्यामुळे सभेत मी एवढंच म्हटलं की आपली बोअर दोनदा खोल करून झाली आहे, तिसऱ्यांदा केली तर खाली पाणी असेलच असं नाही, तेव्हा कोण किती वापरतं ते निदान दिसू तरी दे. पोटातली लाथा मारत होती. मला वाटत होतं, मी तिच्या वतीनं बोलतेय. सगळ्यांनी माना डोलावल्या. तसंही पोटुशी बाई उभी राहून बोलायला लागली की तिला नाही म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही.

मीटर बसले तेव्हा मुलगी तीन महिन्यांची झाली होती. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे आयुष्यभर नकाशे आखून निवृत्त झालेले गृहस्थ. दर सोमवारी ते प्रत्येक घराचे लिटर एका कागदावर सुबक अक्षरात लिहून लिफ्टमध्ये आरशाशेजारी चिकटवायचे. पोरांनी त्यांचं नाव लिटरकाका ठेवलं. लिफ्टमध्ये पूर्वी लोक केस सारखे करायचे, ते आता शेजाऱ्यांचे आकडे वाचायला लागले.

दुसऱ्या सोमवारी सगळ्यात मोठा आकडा आमच्या घराचा होता. दुसऱ्या नंबरावरच्या घरात सात माणसं राहतात. आम्ही मोठी तीन आणि एक ती, अजून मान नीट न धरणारी.

तो आकडा वाचून मला धक्का बसला, असं लिहायला आवडलं असतं. पण तो कुठून आला हे मला पक्कं ठाऊक होतं.

मुलगी झाली त्या दिवसापासून मी एक क्षणही एकटी नव्हते. ती झोपलेली असली तरी नव्हते, कारण ती झोपली की मी तिच्या छातीकडे बघत बसायची. वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. मध्ये जरा जास्त थांबली की मी तिच्या नाकापाशी बोट धरायची. पाय गार लागले तर मोजे घालायचे, गरम लागले तर कपाळाला हात लावायचा. दुपट्यात गुंडाळलेली असली की सासूबाई तिला गठुडी म्हणायच्या, आणि तेच नाव पडलं. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या मदतीला म्हणून येऊन राहिल्या आणि खरोखरच मदत करत होत्या. हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली. कोणती गोळी कोणत्या कप्प्यात, हे त्या आजही डोळे मिटून सांगतील. गठुडीला पहिल्या दिवसापासून अंघोळ त्याच घालायच्या. एका हाताच्या पंजावर तिचं डोकं, दुसऱ्या हातानं पाणी, आणि तोंडानं अखंड गप्पा. त्या माझ्याशीही अखंड बोलायच्या. जेवताना, दूध पाजताना, मी डोळे मिटून पडलेली असताना.

"झोपलीस का गं?"

"नाही आई."

"मग ठीक. मला वाटलं, झोपलीस."

गठुडीचे लंगोट मी हातानं धुवायची. मशीन होतं, पण मशीनमध्ये साबणाचा अंश राहतो आणि पोरीला पुरळ येतं, असं मी जाहीर करून टाकलं होतं. सुरुवातीला ते खरंही होतं. मग एके दिवशी लंगोट धुऊन, पिळून झाले तरी नळ चालूच राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की नळ चालू असेपर्यंत कोणी हाक मारत नाही. पाण्याचा आवाज म्हणजे ती कामात आहे. तो थांबला की पाच मोजायच्या आत दाराबाहेरून, "झालं का गं?"

मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

तिथे मी काय करायची? काहीच नाही. समोरच्या फरशीकडे बघायची. गुडघ्यांवर हात ठेवायची, कारण ते माझे गुडघे होते आणि त्यांच्यावर कोणी झोपलेलं नव्हतं. गठुडीचं रडणं त्या आवाजाखाली बुडून जायचं. ती रडत असणार हे माहीत असायचं, पण ऐकू आलं नाही की छातीत दूध दाटून येत नाही. त्या अर्ध्या तासात मी कोणाची कोणी नसायची, आणि म्हणूनच पुढचे सहा तास नीट कोणाची तरी असायची.

सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. प्रयोगशाळेत नमुना घेण्याआधी आम्ही नळ दोन मिनिटं सोडून ठेवतो, त्यामुळे मिनिटाला दहा लिटर जातात हे मला मोजावं लागलं नाही. दिवसाला सहाशे. आमच्या एरवीच्या सगळ्या वापराहून जास्त. पहिले दोन दिवस मी ते पाणी बादल्यांत भरून ठेवायला बघितलं, पण बादली दीड मिनिटात भरते. दर दीड मिनिटाला उठायचं तर बसायचं कशाला? मग ते सरळ मोरीत जाऊ दिलं. जाताना बघायची नाही. दात घासताना नळ उघडा ठेवला म्हणून नवऱ्याला टोकणारी मी, दिवसाला सहाशे लिटर पाण्याकडे पाठ करून बसायची.

सोमवारी संध्याकाळी नवरा कागद वाचून वर आला. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काच धरून "आता दिसतंय?" असं विचारत असतो.

"मीटर बिघडलाय," तो म्हणाला. "नाहीतर पाइप गळतोय. आपल्या घरात हे शक्यच नाही. ही असताना पाणी वाया जाईल?"

मी गठुडीला ढेकर काढत होते. तिची पाठ जरा जास्तच जोरात थोपटली गेली.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्यानं घरातले सगळे नळ बंद करवले आणि मीटरपुढे उकिडवा बसून पाच मिनिटं काट्याकडे बघत राहिला.

"काटा जागचा हलत नाही," तो उठून म्हणाला. "मीटरही चांगला आहे, गळतीही नाही. घरातलंच कोणीतरी नळ उघडा टाकतंय." त्यानं आम्हा तिघांकडे आणि मग माझ्या खांद्यावरच्या गठुडीकडे पाहिलं. "हिच्यावर काही माझा संशय नाही."

नवरा हसला. आई हसल्या नाहीत. प्लंबर गेल्यावर त्या म्हणाल्या, "मीच असणार."

"काहीतरीच काय, आई," नवरा म्हणाला.

"मागच्या आठवड्यात दूध उतू गेलं तेव्हा स्वयंपाकघरातला नळ तसाच सोडून मी गॅसकडे धावले. मग ही रडली म्हणून इकडे आले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं."

"एकदा झालं असेल."

"एकदा लक्षात आलं म्हणून तुला एकदा म्हणते. जे लक्षातच आलं नाही ते कसं सांगू?"

हीच बोलायची वेळ होती. तोंड उघडलंही होतं. पण नळ मी सोडते एवढं सांगून भागणार नव्हतं, लगेच कशासाठी ते विचारलं असतं. मला तुमच्यापासून आणि माझ्या मुलीपासून दिवसातला तासभर लांब बसावंसं वाटतं, हे वाक्य मी मनात चार-पाच तऱ्हांनी जुळवून पाहिलं. कसंही जुळवलं तरी ते एका वाईट आईचंच वाक्य वाटायचं. मी तोंड मिटलं आणि ठरवलं, आधी पाणी तर थांबवू.

दुसऱ्या दिवशी खरंच नळ न सोडता बसले. चार मिनिटं टिकले. घरातला आवाज न् आवाज ऐकू येत होता. आईंच्या सपाता, गठुडीचं कुरकुरणं, मग "झालं का गं?" संध्याकाळी धार बारीक ठेवून पाहिली. बारीक धारेला आवाज नसतो. तेव्हा मला युक्ती सुचली. फोनवर धबधब्याचा आवाज मिळतो, सलग एक तास, झोप न येणाऱ्यांसाठी. फोन साबणाच्या फळीवर ठेवला, नळ घट्ट बंद केला आणि बादलीवर बसले. धो धो धबधबा आणि एक थेंबही नाही. मला माझंच कौतुक वाटलं. बोअर वाचली, मीही वाचले, आणि कोणाला काही सांगावं लागलं नाही.

त्या दिवसांत आईंनी घरभर चिठ्ठ्या लावल्या. औषधाच्या पुडीवर लिहायच्या त्याच अक्षरात, "नळ बंद केला?" स्वयंपाकघरात एक, बेसिनवर एक, संडासात एक. आणि नळ इतके आवळायच्या की सकाळी उघडायला मला नवऱ्याला हाक मारावी लागायची.

चौथ्या दिवशी धबधब्यात बेडूक ओरडला. मी त्या तासाचा पुढचा भाग कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी फोन मध्येच कुठून तरी सुरू झाला असावा.

दारावर थाप. "अगं, आत बेडूक शिरलाय का?"

"नाही हो आई."

"मला ऐकू आला ना."

"पाइपचा आवाज असेल."

"पाइप डराव डराव करत नाही गं."

"मला तर काही ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

मग सपाता हळूहळू लांब गेल्या. मी ओठ चावून हसू दाबत होते, हेही सांगितलं पाहिजे.

सोमवारी लिफ्टमधला आमचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. मी जवळजवळ गुणगुणत वर आले. आई हॉलमध्ये बसल्या होत्या. टब रिकामा होता आणि गठुडी अजून कालच्याच कपड्यांत होती.

"वाचलास कागद?" त्यांनी विचारलं.

"हो. किती कमी झालं."

"चिठ्ठ्या लावल्या आणि निम्म्यावर आलं. म्हणजे मीच होते." त्या शांतपणे बोलत होत्या. बत्तीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसाला, हे औषध आपल्याकडे नाही, असं सांगताना बोलल्या असतील तशा. "आजपासून हिला अंघोळ तू घाल."

"का?"

"नळ विसरते ते एक वेळ चालेल. ही टबात असताना दाराची बेल वाजली आणि मी उठून गेले तर?"

"आई, तसं होणार नाही."

"तुला काय माहीत? आणि पहिल्या तारखेला तू कामावर जाणार, त्यात मला धरू नकोस. पाळणाघर बघा. मी हिच्याजवळ एकटी थांबणार नाही."

संध्याकाळी नवऱ्यानं विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पुढच्या आठवड्यातला बुधवार मिळाला.

आज सांगते, उद्या सांगते, असे नऊ दिवस गेले. रोज वाटायचं, काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आज सांगायचं तर कालपर्यंत का गप्प होतीस, त्याचंही उत्तर द्यावं लागणार. आई गठुडीला उचलत नव्हत्या. मी अंघोळीला गेले तर तिला पाळण्यात ठेवून पाळणा बाथरूमच्या दाराशी ओढून आणायच्या आणि बाहेरून दर दोन मिनिटांनी सांगायच्या, "झोपलीय. श्वास चालू आहे." माझा रोग त्यांना लागला होता. गठुडी त्यांच्याकडे बघून हात पसरायची, आणि त्या हात पाठीमागे घ्यायच्या. मी हे बघितलं आहे. एकदा नाही, रोज.

लिफ्टमध्ये बायका त्यांना म्हणायच्या, "आठवणीनं बंद करत जा हं नळ." त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. चूक लपवायची त्यांना सवय नव्हती. औषधाच्या खिडकीत ती सवय चालत नाही.

बुधवारी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघीच गेलो. दवाखान्यात खुर्च्या भिंतीला लागून मांडलेल्या होत्या. आई इस्त्रीचे कपडे करून, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागल्या.

"शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी."

"काय करताय आई?"

"सात वजा करत जायचं असतं. पासष्ट. छे, बहात्तर राहिलं. तीन शब्द सांगतात, ते लक्षात ठेवायचे. घड्याळ काढायला लावतात. आमच्या हॉस्पिटलातल्या एका बाईला विचारून घेतलं."

"म्हणजे पेपर फोडलात की."

"फोडला. नापास होऊन कसं चालेल?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. त्यांचा अंगठा पर्सच्या चेनशी चाळा करत होता. "एकाच गोष्टीचं ठरत नाहीये. बेडकाचं सांगावं का?"

मी गठुडीचं झबलं सारखं केलं.

"नसलेलं ऐकू येतं म्हटलं की विसरण्याच्या पुढचं झालं ते. लगेच डोक्याचा फोटो काढायला लावतील. पण नाही सांगितलं तर निदान चुकेल. चुकीच्या माहितीवर दिलेलं औषध म्हणजे विष असतं. तुला काय वाटतं?"

गठुडी माझ्या मांडीवर स्वतःची मूठ चोखत होती. मला वाटलं होतं की बोलायची वेळ आली की नीट शब्द सुचतील. सुचले नाहीत.

"बेडूक होता," मी म्हणाले.

"कुठे?"

"माझ्या फोनमध्ये. धबधब्याचा आवाज लावला होता, त्यात होता. मलाही ऐकू आला. मी खोटं बोलले."

"धबधबा कशाला?"

"नळ चालू आहे असं वाटावं म्हणून. त्याच्या आधी खराच नळ सोडायची. आकडा माझ्यामुळे वाढला आणि फोन लावायला लागले म्हणून खाली आला. चिठ्ठ्यांमुळे नाही. तुम्ही काही विसरलेल्या नाहीत आई. तो दुधाचा नळ तेवढा एकदा."

त्यांनी पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली. "किती दिवस?"

"महिना तरी झाला असेल."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. सकाळ-संध्याकाळ."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

जेवणाआधी की जेवणानंतर, असंही आता विचारतील असं मला वाटलं. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "आणि आत काय करायचीस?"

"नुसती बसायची. बादली पालथी घालून."

त्यांनी गठुडीकडे पाहिलं. "नऊ दिवस मी या पोरीला उचललं नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. मी उठायला लागले.

"तू बस," आई म्हणाल्या आणि पर्स घेऊन एकट्याच आत गेल्या.

पंचवीस मिनिटं झाली. गठुडीनं दोनदा दूध ओकलं. मी त्या दाराकडे बघत बसले. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि विचारायचा हक्क मी गमावला होता. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही ओळखता येईना.

"काय म्हणाले?"

"पास."

"मग एवढा वेळ?"

"तपासणी दहा मिनिटांत झाली. मग डॉक्टरांना कोणीतरी बोलावलं म्हणून ते गेले. मी बसले होते." त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. "खोली चांगली आहे. कोणी काही विचारत नव्हतं."

घरी आल्यावर त्यांनी कपडेही न बदलता पाण्याचा टब भरला, गठुडीला माझ्या हातातून घेतलं आणि अंघोळ घातली. एरवी अखंड बोलायच्या, त्या दिवशी चकार शब्द नाही. गठुडीच त्यांच्या तोंडाकडे बघून आवाज काढत राहिली. शेवटी आईंनी तिचं ओलं डोकं गालाला लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी दारातून मागे सरले.

नवऱ्याला मी त्या संध्याकाळी सांगितलं. त्याला माझं एकटं बसणं लगेच पटलं. पटलं नाही ते पाणी. "तू?" एवढंच म्हणत राहिला. "तू? मला ब्रश करताना..." मग उठून त्यानं आईच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. बेसिनवरची चिकटून बसली होती, ती नखानं खरवडत राहिला.

आई माझ्याशी दोन दिवस कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी गठुडी झोपली होती आणि आम्ही दोघी ओट्याशी भाजी निवडत होतो.

"मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही 'बस की निवांत' म्हणाला असतात. आणि पाच मिनिटांनी दार वाजवलं असतं."

त्यांनी विचार केला. "वाजवलं असतं खरं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पाणी गेलं त्याचं तुझं तू बघ. तुझाच विषय आहे. पण माझ्या डोक्यावरचा माझा विश्वास गेला होता. ते तुला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"तरी?"

"तरी."

त्यांनी दुसरी जुडी सोडली. मला वाटलं होतं की खरं सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त जे होतं ते आता दोघींच्या मध्ये ओट्यावर होतं, भाजीसारखं.

"त्या काकांना तू सांगायचंस," त्या उठताना म्हणाल्या. "लिफ्टमधल्या बायकांनाही. मी नाही सांगणार."

लिटरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "कागदावर दुरुस्ती लिहायची तर ती ज्याची चूक त्याच्या हातची असलेली बरी," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं. मी आमच्या घराच्या आकड्याखाली लिहिलं की आधीच्या आठवड्यांत जे जादा पाणी गेलं ते माझ्या हातून, जाणूनबुजून गेलं, घरातल्या दुसऱ्या कोणाचा त्यात दोष नाही. खाली 'मीटर बसवा म्हणणारी' असंही लिहावंसं वाटलं, पण ते सगळ्यांना माहीत होतंच.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची जुळ्यांची आई होती. तिनं कागद वाचला. "काय करायचात एवढ्या पाण्याचं?"

"काही नाही. आवाजासाठी."

दोन मजले गेल्यावर ती आरशाकडे बघत म्हणाली, "मी शॉवर सोडते."

"फोनवर धबधबा मिळतो," मी म्हणाले. "पण त्यात बेडूक आहे. आणि सांगून बसलात तर तोही लागत नाही, असं म्हणतात. मी अजून करून बघितलं नाही."

करून बघायचं धाडस त्या रविवारी झालं. खोलीचं दार लावायचं, नळ नाही, फोन नाही, लंगोट नाहीत. जाताना मी आईंना सांगितलं, "मी अर्धा तास बसते." इतकं साधं वाक्य म्हणताना माझे कान तापले. आईंनी गठुडीला खांद्यावर घेतलं आणि मान हलवली. कुठे बसतेस, काय करतेस, काही नाही.

खुर्चीत बसले आणि सगळं घर आत आलं. नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, आईंच्या सपाता या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दहा मिनिटं बरी गेली. मग गठुडी रडायला लागली. आधी कुरकुर, मग श्वास ओढून, मग मोठ्यानं. मध्ये पाणी नव्हतं. छातीत दूध दाटून आलं, कपडे ओले झाले.

"तुझी आई आत आहे," आई तिला सांगत होत्या, अगदी दाराशी, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "काही करत नाहीये ती. नुसती बसलीय. तुला रडायचं तर रड बापडी, मी कुठे जात नाहीये."

मी उठले. दाराच्या कडीला हात लावला. पलीकडे त्या उभ्या होत्या. त्यांनी दार वाजवलं नाही. मग सपाता लांब गेल्या, त्यांच्याबरोबर रडणंही लांब गेलं, आणि एकदम थांबलं.

का थांबलं ते कळेना. दूध नाही, मी नाही, आणि ती थांबली. गुदमरली तर नाही ना, पडली तर नाही ना, असं सगळं एका क्षणात येऊन गेलं. दार उघडून एकदा बघावंसं वाटलं. फार वाटलं. पण तिच्याकडे आई बघत होत्या, आणि तिला त्या विसरणार नव्हत्या.

मी कडीवरचा हात काढला आणि परत जाऊन बसले. अजून पंधरा मिनिटं होती.